पट्टा तिचा, नाव कंपनीचं

द रॉक आणि चायना डब्ल्यूडब्ल्यूएफ या एकाच अमेरिकी कुस्ती-कंपनीचे पहिलवान. एकाच काळात, एकाच रिंगमध्ये घाम गाळणारे. दोघांनाही सिनेमाच्या पडद्यावर जायचं होतं. रॉकला पहिल्याच मुख्य भूमिकेत ‘द स्कॉर्पियन किंग’ मिळाला, ५५ लाख डॉलर मिळाले आणि निर्मात्यांच्या यादीत खुद्द कंपनीच्या मालकाचं, विन्स मॅकमहनचं नाव लागलं. चायना २००१ मध्ये कंपनीतून बाहेर पडली तेव्हा तिला तिचं नावसुद्धा बरोबर नेता आलं नाही. हा पंक्तिप्रपंच मला आजही सहन होत नाही.

चायना म्हणजे जोनी लॉरर. जन्म १९६९चा, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा. टॅम्पा विद्यापीठातून पदवी घेतली, पीस कोअरमधून कोस्टा रिकाला गेली आणि मग मॅसॅच्युसेट्समध्ये किलर कोवाल्स्की या जुन्या पहिलवानाच्या तालमीत दाखल झाली. फेब्रुवारी १९९७ मध्ये ती डब्ल्यूडब्ल्यूएफच्या एका कार्यक्रमात प्रेक्षकांमधून उठून पुढे आली आणि तिथून पुढे ट्रिपल एच या पहिलवानाची अंगरक्षक म्हणून वावरू लागली. त्या काळी त्या कंपनीत महिलांचा किताबच बंद पडलेला होता. बाईने नटूनथटून पहिलवानाच्या मागे यायचं आणि तो मार खायला लागला की किंचाळायचं, एवढंच काम शिल्लक होतं. चायना किंचाळली नाही. हाताची घडी घालून उभी राहिली.

आपल्याकडे नुरा कुस्ती म्हटलं की लोक नाक मुरडतात. निकाल आधी ठरलेला असतो, हे खरंच आहे. पण पाठीवर आदळणं ठरवून केलं म्हणून पाठ दुखायची थांबत नाही. आणि निकाल ठरलेला असेल तर उरतं काय? अभिनय! हजारो लोकांसमोर, चारही बाजूंनी उघड्या रंगमंचावर, रीटेकशिवाय, आठवड्यामागून आठवडे. चायनाला सुरुवातीचा बराच काळ संवादच नव्हते. खांदे, नजर आणि उभं राहण्याची पद्धत एवढ्या भांडवलावर तिने पात्र उभं केलं. म्हणून ‘कुस्ती सोडून ती अभिनयाकडे वळली’ हे वाक्य मला मान्य नाही. अभिनय ती पहिल्या दिवसापासून करत होती, फक्त त्याला अभिनय म्हणायला कुणी तयार नव्हतं.

जानेवारी १९९९च्या रॉयल रंबलमध्ये तीस जणांच्या गर्दीत ती उतरली. त्या लढतीत उतरलेली पहिली बाई. आत गेल्या गेल्या तिने मार्क हेन्रीला दोरांवरून बाहेर फेकलं. हा हेन्री म्हणजे दोन ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंग करून आलेला डोंगर.

पण तिची खरी लढत त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला क्लीव्हलँडला झाली. समोर जेफ जॅरेट, इंटरकॉन्टिनेंटल किताबाचा मानकरी. बायकांनी स्वयंपाकघरात राहावं असं बरळत फिरणारा आणि बायकांवर हात टाकणारा, अशी त्याची भूमिका लिहिलेली होती. त्यामुळे लढतीचा नियमही तसाच: घरकामाची कुठलीही वस्तू हत्यार म्हणून चालेल. रिंगभोवती स्वयंपाकघर मांडलेलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या सामानाने बाईला जखडून ठेवलं, त्याच सामानाने दोघं एकमेकांना झोडपत होते. शेवटी जॅरेटने किताबाचा पट्टाच तिच्यावर हाणला आणि तिला पाडलं. पंचाने तीन मोजले. लढत संपली असं वाटलं, तेवढ्यात पट्टा ही काही घरकामाची वस्तू नव्हे, असा निवाडा झाला आणि लढत पुन्हा सुरू झाली. चायनाने जॅरेटचीच गिटार उचलली, त्याच्या डोक्यात घातली आणि पट्टा कमरेला बांधला. पुरुषांचा तो किताब तोवर कुठल्याही बाईने जिंकला नव्हता. कुणी लिहिलं होतं, कुणी ठरवलं होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही सांगते, त्या रात्रीचा प्रेक्षकांचा आवाज कुणी लिहून दिला नव्हता.

मग सिनेमात जाताना घोडं अडलं कुठे?

पुरुष पहिलवानाचं शरीर सिनेमाला आयतं भांडवल वाटतं. जसा आहे तसा उचलायचा, शर्ट काढायचा, कॅमेरा लावायचा. हल्क होगन १९८२ मध्येच ‘रॉकी ३’मध्ये दिसला होता. आपल्याकडचं उदाहरण घ्या. दारा सिंग ‘किंगकाँग’मध्ये नायक झाले, पुढे रामायणातले हनुमान म्हणून घराघरांत पोचले. त्यांचं मोठेपण मला कबूलच आहे. पण त्यांच्याच काळात हमीदा बानू नावाची बाई पुरुषांशी कुस्त्या खेळत होती. मला चीत करेल त्याच्याशी लग्न करीन, असं तिने १९५४ मध्ये जाहीर आव्हान दिलं आणि बडोद्याला बाबा पहिलवानाला दीडेक मिनिटात आस्मान दाखवलं. मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनलाही लोळवलं. तिच्याकडे सिनेमा घेऊन कोण गेलं? उतारवयात ती कल्याणला दूध विकून पोट भरत होती. मुंबईची सगळी चित्रनगरी तिथून लोकलच्या अंतरावर होती.

चायनाच्या बाबतीत तर एक पायरी पुढची होती. तिला सिनेमात यायचं तर आधी ते शरीरच बदलायला हवं होतं. जबड्याची शस्त्रक्रिया झाली, छातीची झाली. २००० साली प्लेबॉयच्या मुखपृष्ठावर ती झळकली. पुरुषांना उचलून फेकणाऱ्या बाईकडे ‘हीसुद्धा बाईच आहे’ याचा पुरावा मागितला गेला आणि तिने तो पुन्हा पुन्हा दिला. रॉकला मर्द असल्याचा दाखला कुणी मागितला होता?

पडद्यावर हाती काय लागलं? ‘थर्ड रॉक फ्रॉम द सन’ या विनोदी मालिकेच्या काही भागांत जॅनिस नावाची भूमिका. ती तिने झकास केली. विनोदाची वेळ तिला अचूक साधायची, ती रिंगमध्येच घोटलेली होती. पुढे चिल्लर कामं, ‘इलीगल एलियन्स’सारखा पडेल सिनेमा, मग ‘द सरियल लाइफ’सारखे रिअॅलिटी शो, जिथे तिच्या व्यसनाकडे आणि मोडलेल्या मनाकडे बोट दाखवून हसण्याची सोय होती. शेवटी प्रौढांसाठीचे चित्रपट. तिचे निर्णय तिचे होते, जबाबदारीही तिची होती. पण चांगलं काम देणारे सगळे दरवाजे बंद झाल्यावर जो उघडा राहिला त्यातून ती गेली, तर बंद दरवाजांबद्दलही बोला.

त्यात नावाचा घोळ. ‘चायना’ हे नाव कंपनीच्या मालकीचं. ज्या नावाने जग ओळखतं तेच पाटीवर लावायची बंदी असेल तर नटी काम मागणार कशी? कधी जोनी लॉरर, कधी ‘चायना डॉल’, असं करत तिने दिवस काढले. अखेर २००७ मध्ये तिने कायद्याने आपलं नावच ‘चायना’ करून घेतलं. स्वतः घडवलेलं नाव परत मिळवायला त्या बाईला कोर्टाचा कागद लागला. ‘द स्कॉर्पियन किंग’च्या श्रेयनामावलीत मात्र ‘द रॉक’ हेच नाव होतं. तिथे कंपनीची हरकत नव्हती, कारण कंपनीचा मालकच निर्मात्यांच्या यादीत होता.

आता सन्मानाचं पाहू. २०१५ मध्ये ट्रिपल एचला विचारलं गेलं, चायनाला कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये का घेत नाही? एव्हाना तो कंपनीचा बडा अधिकारी होता, मालकाचा जावई होता आणि एकेकाळी चायनाचा जोडीदारही. त्याच्या उत्तराचा आशय असा: तिची कारकीर्द त्या सन्मानाच्या लायक आहे, पण एखादं लहान मूल तिचं नाव इंटरनेटवर शोधायला गेलं तर त्याला काय दिसेल?

ठीक. त्याच मुलाने मुष्टियोद्धा माइक टायसन शोधला तर? बलात्काराच्या गुन्ह्यात १९९२ मध्ये दोषी ठरून तुरुंगात गेलेला टायसन २०१२ मध्ये याच हॉल ऑफ फेममध्ये मानाने आला. त्याचं स्वागत करायला मंचावर कोण होतं? ट्रिपल एच आणि त्याचा साथीदार शॉन मायकल्स. स्वतःच्या संमतीने, स्वतःच्या देहाने काम करणारी बाई मुलांसाठी घातक आणि दुसऱ्या बाईवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा भोगलेला पुरुष मुलांपुढे मिरवण्याजोगा! हे सोवळं मी मानत नाही. कुणीच मानू नये.

एप्रिल २०१६ मध्ये चायना कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरी मृतावस्थेत सापडली. दारू आणि औषधं एकत्र झाल्याने अपघाती मृत्यू, असा निष्कर्ष निघाला. वय ४६. तीन वर्षांनी, ६ एप्रिल २०१९ला, तिला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं. एकटीला नाही, डी-जनरेशन एक्स या टोळीतली एक म्हणून. दुसऱ्याच दिवशी रेसलमेनिया या कंपनीच्याच सोहळ्याची शेवटची, सर्वांत मानाची लढत त्या सोहळ्याच्या इतिहासात प्रथमच बायकांची झाली: बेकी लिंच, राँडा राउझी, शार्लट फ्लेअर. ही वाट मळली ती चायनाच्या पायांनी, आणि तिच्या वाट्याला गटाच्या फोटोतली एक जागा आली.

पुढच्या मुलींनी यातून काही उचललं का? एकीने तरी नक्की. साशा बँक्स नावाने गाजलेली मर्सिडीज वार्नाडो २०२० मध्ये ‘द मँडलोरियन’ या मालिकेत कोस्का रीव्ह्ज झाली आणि श्रेयनामावलीत तिने लावलं ते आपलं घरचं नाव. २०२२ मध्ये ती कंपनीतून बाहेर पडली तेव्हा ‘साशा बँक्स’ मागेच राहिलं. ती मर्सिडीज मोने म्हणून दुसरीकडे उभी राहिली आणि पडद्यावरची तिची ओळख शाबूत राहिली.

आपल्या मुलीही आता या रिंगपर्यंत पोचल्या आहेत. हरियाणाची कविता दलाल २०१७ मध्ये सलवार-कमीज घालून तिथे लढली. त्याआधी ती वेटलिफ्टर होती. सांगलीत २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. उद्या यांच्यातल्या एखादीपुढे परदेशी कंपनीचा किंवा सिनेमाचा करार आला, तर मानधनाच्या आकड्याआधी तिच्या वकिलाने एकच कलम शोधावं: करार संपल्यावर नाव कुणाचं?