सव्वादोन

सव्वादोनांना तुम्ही ओळखता. तुमच्या ऑफिसात त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारत असतील, पण माणूस तोच. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कधीच न वापरलेलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढून सर्व्हर रूममध्ये जाणार आणि आत कुणी चहाचा कप नेला तर दिवसभर बोलणार नाहीत.

आमच्या सहकारी बँकेत त्यांना हे नाव पडलं ते रात्रीच्या बॅकअपवरून. एससीओ युनिक्सचा जुना सर्व्हर, त्यावर क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, लावलेलं काम. डे-एंड उरकलं, व्याजाचं पोस्टिंग संपलं की रात्री सव्वादोनला मशीन आपणहून दिवसभराचा हिशेब टेपवर उतरवायचं. माणसानं झोपावं म्हणून तर ही सोय. हे मात्र घरी सव्वादोनला उठून बसायचे.

"मग ऑटोमॅटिक कशाला केलंत?" मी एकदा विचारलं.

"काम ऑटोमॅटिक होतं हो. काळजी कुठे होते?"

बरं, सकाळी येऊन पाहावं तर लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं असायचं, काम यशस्वी. यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. टेप ड्राइव्हमध्ये घालायची, त्यातली एखादी फाइल बाजूच्या डिरेक्टरीत उतरवायची, कुठल्या तरी खातेदाराची शिल्लक लेजरशी ताडून बघायची, मगच चहा. "बॅकअप घेतला म्हणजे काही नाही," ते म्हणायचे. "परत काढून पाहिलंय का?"

इथवर ठीक होतं. पण हा प्रश्न त्यांनी सर्व्हर रूमपुरता ठेवला असता, तर ते सव्वादोन कसले? कुणी सांगितलं, घराची जादा किल्ली शेजारी ठेवलीय. लगेच, "त्या किल्लीनं दार उघडून पाहिलंय का?" आमच्या कॅशियरबाईंनी वैतागून पाहिलं, तर ती किल्ली त्यांच्या आधीच्या भाड्याच्या खोलीची निघाली. बाईंचा वैताग आणखी वाढला, कारण आता त्यांना हसताही येईना. कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकायच्या आत स्टेपनीची चौकशी. एका मयताला गेले, तिथे मुलगा म्हणाला, बाबांनी मृत्युपत्र करून ठेवलंय. सव्वादोनांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "उघडून पाहिलंय का?" कर्ज विभागात तर त्यांना येऊच देत नसत. तिथे त्यांनी भर दुपारी विचारलं होतं, "जामीनदार घेता ते बरोबर, पण त्याच्याकडून कधी वसूल करून पाहिलंय का?" त्यानंतर बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता.

टेपांची व्यवस्था आजोबा, बाप आणि मुलगा अशी. ही काही त्यांची कल्पना नव्हे, जगभर असंच म्हणतात. रोजची टेप मुलगा, आठवड्याची बाप, महिन्याची आजोबा. काडेपेटीहून जराशी मोठी डीडीएस-३ची टेप, आत 125 मीटर फीत, मावणार 12 जीबी. या कुटुंबाविषयी ते भरल्या बसमधून शिपायाला फोन करायचे. "आजोबांना लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेव. बापाला आज माझ्या घरी आणतोय. मुलगा वाया गेलाय, तो फेकून दे." शेजारची बाई जागा सोडून उभी राहायची.

क्रॉनशी त्यांचं नातं सख्ख्या भावंडांसारखं, म्हणजे प्रेम आणि कोर्टकचेरी दोन्ही. प्रत्येक ओळीत आधी मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे पाच रकाने आणि मग आज्ञा. महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण बॅकअप हवा म्हणून त्यांनी तारखेच्या रकान्यात 1 ते 7 आणि वाराच्या रकान्यात रविवार घातला. क्रॉननं काय करावं? तारीख आणि वार दोन्ही दिले, तर त्यातलं एक जुळलं तरी तो पुरेसं मानतो. सातही दिवस बॅकअप, वर महिन्यातले सगळे रविवार. टेपा संपल्या. हा प्रसंग सांगताना त्यांचा आवाज वर्षानुवर्षं तसाच दुखावलेला राहिला. शिवाय यादी दुरुस्त करायला 'ई' आणि अख्खी यादी पुसायला 'आर', ही अक्षरं कीबोर्डवर शेजारी-शेजारी. आणि पुसताना तो साधं 'नक्की ना?' असंही विचारत नाही. म्हणून क्रॉनची यादी त्यांनी वहीत हातानं उतरवून ठेवली होती. वहीची झेरॉक्स घरी.

लग्नाच्या पंगतीत ते 'टॉय स्टोरी 2'ची कथा लावायचे. 1998 साली पिक्सारमध्ये कुणाच्या तरी एका आज्ञेनं तयार होत असलेला सिनेमा सर्व्हरवरून पुसला जाऊ लागला, बॅकअप बघावा तर तो निकामी. वाचवलं कुणी? गॅलिन ससमन या बाईंनी. लहान बाळामुळे त्या घरून काम करत होत्या आणि घरच्या मशीनवर एक प्रत होती. तेव्हापासून प्रसूतिरजेचा एवढा कडवा पुरस्कर्ता आमच्या युनियनमध्येही नव्हता.

2011पासून 31 मार्च हा जागतिक बॅकअप दिन पाळतात. सव्वादोन त्या दिवशी पेढे आणायचे. वार्षिक क्लोजिंगला रात्री अकरा वाजता बॅलन्सशीट जुळत नसताना कुणीतरी समोर पेढा धरून "आज आपला सण!" म्हणतंय, हे सोसायला संतपण लागतं. ते आमच्यात नव्हतं.

मात्र एक गोष्ट नाइलाजानं लिहायला हवी. अशाच एका क्लोजिंगनंतर सर्व्हरची डिस्क गेली. सव्वादोन रात्रभर आत होते. सकाळी शटर उघडलं तेव्हा शेवटचं खातं जुळलेलं होतं आणि पेन्शनीची रांग नेहमीसारखी कुरकुरत पुढे सरकत होती. काही झालं होतं, याचा खातेदारांना पत्ताच नाही. तेच तर त्यांच्या कामाचं दुर्दैव. नीट झालं तर दिसत नाही. वार्षिक सभेत चेअरमनांनी अखंड सेवेबद्दल संगणक कंपनीचे आभार मानले, जनरेटरवाल्याचेही मानले. सव्वादोन मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होते आणि खरं सांगतो, मला त्या टाळ्या बघवल्या नाहीत.

पुढे कोअर बँकिंग आलं, ते निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना घड्याळ दिलं. नव्या साहेबांनी स्वच्छता मोहिमेत जुना सर्व्हर आणि टेप ड्राइव्ह भंगारात काढला. टेपा तेवढ्या राहिल्या, कारण त्यांच्यावर "काढू नये" असं लाल शाईत लिहिलेलं होतं. मग एका जुन्या ठेवीचा वाद कोर्टात गेला आणि वकिलांनी त्या वर्षाचा खातेउतारा मागितला. आजोबा कपाटात ठणठणीत. पण त्यांचं ऐकायला यंत्रच नाही.

साहेबांनी मला सव्वादोनांच्या घरी पाठवलं. बेडरूममधल्या कपाटात, साड्यांच्या खालच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळलेला ड्राइव्ह होता. भंगारवाल्याकडून त्यांनी तो पदरच्या पैशानं सोडवला होता. सोबत एक जुनं मशीनही, आणि दर महिन्याला ते ड्राइव्हमध्ये एक टेप घालून चालवून बघत होते.

"बँकेचा रीतसर अर्ज आणा," ते चष्मा पुसत म्हणाले. "तीन प्रतींत. दोन ऑफिसात राहतील, तिसरी इथे."