खाडी ते सुरूची बाग

१६ एप्रिल २०१३ रोजी चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि वाटेतलं बोईसर, पर्यायाने बोईसरहून शेअर रिक्षाने गाठायचं आमचं घिवली, उपनगरात जमा झालं. त्याआधी आम्ही ‘तिकडचे’ होतो. ‘तिकडून आलेत’ म्हणत मुंबईचे नातेवाईक दार उघडायचे, हातातली सुक्या बोंबलांची पिशवी आधी आत घ्यायचे आणि मग आम्हाला. पुढच्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला आणि आमचा भाव आणखी वधारला. उपनगराला शोभतील अशा गोष्टी एकेक करून आल्या. बोईसरला टॉवर आले, टॉवरांना इंग्रजी नावं आली, नाक्यावर मोमो आले आणि वडापावात चीज शिरलं. सायकल ट्रॅक तेवढा आला नाही.

तो आला नाही हे आमच्या लक्षातही आलं नव्हतं. लक्षात आणून द्यायला पुण्याहून भाचा यावा लागला.

भाचा आयटीत आहे, म्हणजे बसून असतो. त्यामुळे उभं राहणं, चालणं, पळणं आणि सायकल चालवणं या प्रत्येकासाठी त्याच्याकडे वेगळे कपडे आहेत. मोटारीच्या टपावर सायकल बांधून तो आला. सायकल मोटारीवर बसून आलेली पाहून शेजारच्या आजींनी हळहळून विचारलं, “बिघडली का रे?” त्या सायकलीला स्टँड नव्हता, कॅरिअर नव्हतं, मडगार्ड नव्हतं, घंटी नव्हती. किंमत कळल्यावर आजी म्हणाल्या, “एवढे पैसे घेऊन निम्मं सामान दुकानातच ठेवून घेतलंन की मेल्याने.”

चहा झाल्यावर भाच्याने विचारलं, “मामा, इथे सायकल ट्रॅक कुठे आहे?”

पाहुण्याने विचारलेली वस्तू घरात नाही असं सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. मी म्हटलं, “आहे की. खाडीपासून बागेपर्यंत.”

यात तसूभरही खोटं नव्हतं. तारापूर आणि चिंचणी यांच्यामध्ये खाडी आहे, खाडीवर पूल आहे, पलीकडे चिंचणीचा किनारा आहे आणि किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत. तीच आमची बाग. तिला फाटक नाही, तिकीट नाही, वॉचमन नाही. ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटीही नाही, कारण सुरूचं फूल तोडून कोणाला देता येत नाही. पूल ते बाग या रस्त्याच्या कडेला डांबर संपतं आणि मातीची साइडपट्टी सुरू होते. कित्येक वर्षं सायकली तिथूनच जातात. मग तिला ट्रॅक म्हणायला काय हरकत आहे?

भाच्याने लगेच जागतिक संदर्भ दिला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये म्हणे १८९४ साली प्रॉस्पेक्ट पार्कपासून कोनी आयलंडच्या समुद्रापर्यंत खास सायकलींसाठी वाट बांधली. तिथे इतकी झुंबड उडाली की दोन वर्षांत, १८९६ साली, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला परतीची वेगळी वाट करावी लागली. बाग आणि समुद्र या दोन्ही बाबतींत आम्ही ब्रुकलिनच्या बरोबरीचे आहोत, हे ऐकून बरं वाटलं. परतीच्या वेगळ्या वाटेची गरज मात्र आम्हाला कधी पडली नाही. आमच्याकडे जाणारे आणि येणारे दोघेही एकाच बाजूने सायकल चालवतात आणि समोरासमोर आले की उतरून गप्पा मारतात.

आमच्या ट्रॅकला सरकारी मंजुरी मिळणं तसं कठीणच. खाडीच्या अलीकडे तारापूर, तालुका पालघर; पलीकडे चिंचणी, तालुका डहाणू. म्हणजे हा आंतरतालुका प्रकल्प. पुलाच्या नेमक्या कोणत्या खांबापर्यंत कोणी रंग लावायचा, यावर दोन्हीकडून पत्रं सुरू झाली असती आणि ती संपेपर्यंत भाच्याला सायकलीवरून उतरवायला नातू लागला असता.

दुपारी ऊन कलल्यावर आम्ही निघालो. भाच्याने शिरस्त्राण, गॉगल, हातमोजे आणि अंगाला चिकटलेली चड्डी असा सगळा साज चढवला होता. वाटेतल्या बायका त्याच्याकडे बघायच्या आणि मग चटकन माझ्याकडे बघायच्या. माझ्याखाली घरची काळी सायकल होती. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, म्हणून तिच्या चेनला मोटारीचं जळकं तेल चोपडलेलं असतं आणि त्यातलं थोडं माझ्या उजव्या लेंग्यालाही. तिचा डायनमो अजून शाबूत आहे. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, देशातली पहिली अणुवीज आमच्या शेजारी तयार होऊ लागली. ती वीज तारांवरून दूरदूर जायची आणि तिच्या खालून आम्ही चाकाला डायनमो घासत दिवा लावून जायचो. चाक थांबलं की दिवा गेला. दिवा नसेल तर हवालदार चाकातली हवा सोडायचा, म्हणून चढावरही आम्ही न उतरता पायडल मारत असू.

पुलावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडल्या होत्या, कडेला तिवरं उघडी पडली होती. भाच्याने विचारलं, “मामा, ही नदी आहे का?”

“भरतीला समुद्र, ओहोटीला चिखल आणि निवडणुकीला पर्यटनस्थळ,” मी म्हटलं.

त्याने घड्याळाचं बटण दाबलं, मोबाइलचं बटण दाबलं आणि अंग हँडलवर झोकून निघाला. शंभरेक पावलांवर मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या काकींनी हात आडवा केला. “थांब रे. कोणाचा तू?” आमच्याकडे हा प्रश्न सिग्नलपेक्षा मोठा मानतात. भाचा थांबला, पण त्याचे बूट पायडलमध्ये अडकवलेले होते. बूट सुटेनात आणि सायकल उभी राहीना. तो सावकाश, पूर्ण विचाराअंती, डावीकडे आडवा झाला. काकींनी पाटी खाली ठेवली, त्याला उठवलं, कोणाचा ते विचारून घेतलं, त्याच्या आजीच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, “पाय बांधून कशाला रे चालवायची सायकल? घरातून पळून जाशील असं वाटतं का त्यांना?”

पुढे समुद्रावरचं वारं तोंडावर आलं. दुपारनंतर जमीन तापली की वारा समुद्राकडून आत येतो, आणि बागेकडे जाणाऱ्याने तो अंगावर घ्यायचाच. भाच्याने सांगितलं की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर विरोध चौपट. तो हे धापा टाकत सांगत होता. तेवढ्यात एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीचा एक कामगार, हँडलला डबा, कॅरिअरवर तांदळाची गोणी आणि पुढच्या दांडीवर पोरगी, अशा लवाजम्याने आमच्या मागून आला. घंटी वाजवून त्याने भाच्याला बाजूला केलं आणि पुढे निघून गेला. हवेचा विरोध त्याच्याही तोंडावर होता. घरी चहा वाट बघत असला की वर्ग-बिर्ग कोणी करत बसत नाही.

भाचा काही वेळ गप्प होता. मग पुण्याबद्दल बोलू लागला. पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत, आणि २०१७ साली तिथल्या महापालिकेने मोठा सायकल आराखडाही मंजूर केला. ट्रॅकही आहेत. त्यांवर पाणीपुरी मिळते, बसथांबा लागतो, विजेचा डबा लागतो, उभ्या मोटारसायकली लागतात. सगळं टाळून जाऊ शकेल असा ट्रॅक फक्त कागदावर आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ साली ट्रॅक झाला, तर त्यावर मोटारी आरामात उभ्या राहू लागल्या. “इथे तर काहीच अडथळे नाहीत, मामा,” तो म्हणाला आणि लगोलग ब्रेक दाबला. पुढे वाळत टाकलेलं जाळं होतं, जाळ्यावर शेळी होती आणि शेळीवर कावळा होता.

पण फरक आहे. आमच्या अडथळ्यांना घंटी कळते. कावळा उडाला, शेळी उठली, जाळ्याचं टोक कोणीतरी उचलून धरलं. “जा रे, सांभाळून,” असंही वर म्हटलं. पुण्यातल्या विजेच्या डब्याने असं कधी म्हटल्याचं भाच्याला आठवेना. आणि आणखी एक गोष्ट मला त्याच वेळी उमगली. शहरात आधी ट्रॅक आखतात आणि मग त्यावरून जायला सायकलवाला शोधतात. इथे सायकलवाले आधी होते. कामावर, शाळेत, बाजारात, लग्नाला, दवाखान्यात जाता-जाता त्यांच्या टायरांनी वीतभर रुंदीची माती घट्ट चोपून ठेवली. तिला ठेकेदार नाही, म्हणून उद्घाटन नाही, आणि उद्घाटन नाही म्हणून ती उखडलेलीही नाही.

सुरूच्या बागेत पोचल्यावर भाच्याने सायकल झाडाला टेकवली, कारण स्टँड नव्हता. नारळपाणी प्यायला. किती उष्मांक जळले ते मोबाइलने सांगितलं आणि त्यातले बरेचसे नारळातून परत आले. मग त्याने अॅपमध्ये या रस्त्याची रीतसर नोंद केली, ‘खाडी ते सुरूची बाग’ असं नाव दिलं. तिथून सायकल नेणारा दुसरा कोणी त्या अॅपवर नसल्याने तोच त्या रस्त्याचा राजा ठरला. शेळी आणि काकी धरूनही. राज्याभिषेकाचा फोटो मी काढला.

तो पुण्याला गेल्यावर काही दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज पडलेला. “मामा, माझा विक्रम मोडला कोणीतरी. निम्म्याहून कमी वेळात! कोण आहे तिकडे एवढा तयारीचा?”

मी चौकशी केली. मासळीवाल्या काकींच्या नातवाने भाच्याचं बघून तेच अॅप घेतलं होतं. मोबाइल खिशात ठेवून तो बापाच्या मोटारसायकलीवर मागे, बर्फातल्या मासळीचा क्रेट मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याला समजावलं की हे फक्त सायकलींसाठी असतं. पोरगं म्हणालं, “तिथे तसं कुठे लिहिलंय?” मी जाऊन साइडपट्टी पाहिली. खरोखरच काही लिहिलेलं नव्हतं.

भाच्याने आता हलकी चाकं मागवली आहेत आणि पुढच्या सुट्टीत तो राज्य परत घ्यायला येतोय. पोराला मी हे कळवलं. तो म्हणाला, “येऊ दे. बाबा नवीन गाडी बघतायत.”