स्वतः सोडून सर्वांचे मनोगत

आपल्या शाळेत आत्मवृत्त लिहायला शिकवतात. स्वतःचं तेवढं नाही. फाटकं पुस्तक बोलतं, पडका किल्ला कण्हतो, विद्यार्थी गप्प. ‘माझा अविस्मरणीय अनुभव’ आलाच, तर गाइड धावून येतं. मग नखांत शाडू, मनगटाला पिवळा रंग असलेला पेणचा मुलगा महाबळेश्वरचा सूर्यास्त पाहून भारावतो. रोह्याची मुलगी दारातली कुंडलिका सोडून काश्मीरचा बर्फ वर्णते. पेणचा गणपती साच्यातून निघतो खरा, पण डोळ्यांची आखणी हातानेच होते. निबंधाला तेवढीही मुभा नाही. रोह्याच्याच चिंतामणराव देशमुखांनी, माजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी, १९७४ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. आपल्या परीक्षकाने ‘मुद्दे सुटले’ म्हणून त्यांचेही दोन गुण नक्की कापले असते.