पिकपची धूम

बीड शहरात रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. तिची वाट पाहण्यात पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. तोवर जिल्ह्याचं ओझं वाहिलं टेम्पोनं, ट्रॅक्टरनं आणि अलीकडं पिकपनं. कापूस, कांदा, शेळ्या, वऱ्हाडी, सप्ताहाचा मंडप, दसरा सरला की कारखान्याकडं निघालेल्या ऊसतोड टोळीचा संसार, सगळं त्याच हौद्यात. भाच्याच्या मते त्याच्या पिकपमध्ये एकच गोष्ट नव्हती. बेस.

“मामा, क्वालिटी पायजे. नुसता आवाज तर हॉर्नलाबी असतो.” गाडीचे हप्ते अजून फिटायचेत, याची आठवण करून द्यायला मी तोंड उघडलं, तोवर त्यानं माझ्या बाजूचं दार उघडलं होतं.

बार्शी रोडला एका शेडखाली उस्तादांचं दुकान. त्यांनी आधी गाडीऐवजी भाच्यालाच तपासलं. “गाणं ऐकायचंय का गावाला ऐकवायचंय?”

“दोन्ही.”

“मग दोन डबे घ्या, दोन बॅटऱ्या घ्या आणि गाडी विका.”

डब्याचं शास्त्र असं. बंद डब्यातला वूफर मोजकं पण स्वच्छ बोलतो. भोकाचा डबा तेवढ्याच वॅटवर जास्त घुमतो, मात्र जागा खातो. पिकपच्या सीटमागं जेमतेम वीतभर फट असते, म्हणून प्रश्न आपोआप सुटला. चपटा बंद डबा आणि 10 इंची वूफर. डबा बसल्यावर सीट पुढं सरकली, पाठ मागं टेकवायची सोय संपली आणि भाचा कायमचा ताठ झाला. घरी ताईला वाटतंय, पोराला वळण लागलं.

अ‍ॅम्पच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 3000 वॅट छापलं होतं. भाचा खूश. उस्तादांनी खोकं उलटं केलं. खाली बारीक अक्षरांत आरएमएस 300. “वरचा आकडा म्हणजे पत्रिकेतला मुहूर्त,” ते म्हणाले, “लग्न खालच्या आकड्यावर लागतं.” पुढं त्यांनी भाच्याचं उरलंसुरलं अवसानही काढून घेतलं. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तो 3 डेसिबलच. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. भाच्यानं मनात हप्ता दहापट करून पाहिला आणि 300वर समाधान मानलं.

पण 300 म्हणजे काही कमी नव्हे. 12 व्होल्टवर हिशेब 25 अँपिअरचा होतो, गळती धरली की तिशीच्या पुढं. पिकपचे दोन्ही हेडलाइट मिळून 10च्या आसपास ओढतात. म्हणून बॅटरीपासून करंगळीएवढी जाड तांबडी वायर आणि बॅटरीला लागूनच फ्यूज. “वायर कुठं घासली तर फ्यूज जळू द्या, गाडी नको.” अर्थसाठी उस्तादांनी चासीचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, तेव्हा भाच्यानं तोंड फिरवलं. गाण्याची वायर त्यांनी मुद्दाम दुसऱ्या बाजूनं नेली. दोन्ही एकत्र बांधल्या तर अल्टरनेटरची कुईकुई स्पीकरात शिरते आणि प्रत्येक गाण्यात इंजिन कोरस धरतं.

मग चाचणी. प्रल्हाद शिंदे लागले. विठ्ठलाच्या आधी फाळक्याची साखळी बोलली, तिच्यामागून नंबरप्लेट, दाराचा पत्रा आणि जॅकचा दांडा. जी नटबोल्टं ढिली आहेत हे मेकॅनिकला कधी कळलं नव्हतं, ती बेसनं एका मिनिटात पकडून दिली. खरं तर गाडी विकत घेतानाच वूफर लावून बघायला पाहिजे! डॅशबोर्डवरची योगेश्वरी थरथरताना पाहून भाच्यानं हात जोडले. उस्तादांनी मात्र दाराचं अस्तर काढून आतल्या पत्र्याला डांबरी चिकटपट्ट्या चोपडल्या. “पत्रा गप बसला, की गाणं बोलतं.”

आणि खरंच बोललं. मांजरसुंब्याचा घाट चढताना ढोलकीचा ठोका खुर्चीतून वर येत होता, पण शब्द धुतल्यासारखे स्वच्छ. मी वहीत हिशेब मांडला. 40 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेआठ मीटरची. पिकप पाच मीटरच्या आसपास. उरलेली साडेतीन मीटर मागच्या मोटारसायकलवाल्याला फुकट.

मांजरसुंब्याला चहाला थांबलो तर गाडीभोवती मंडळी जमली. “किती इंची?” “कितीला पडलं?” कोणतं गाणं आहे, हे एकानंही विचारलं नाही. नेकनूरला एक सीताफळवाला भाड्याचं बोलायला आला. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, फळ तरीही आहे तितकंच हळवं. त्यानं वूफरला हात लावून पाहिला आणि म्हणाला, “हे बंद ठिवणार असताल तर भरतो. न्हाईतर बाजारात पोचंस्तोवर रबडी व्हईल.” भाचा भाडं सोडून पुढं निघाला. केज गेलं. अंबाजोगाईत दवाखान्याजवळ आल्यावर मी नियम सांगितला, की रुग्णालयाभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असतं. त्यानं आवाज बंद केला. त्या 100 मीटरांत आम्ही बीड सोडल्यापासून पहिल्यांदा एकमेकांशी बोललो.

परळीच्या रस्त्याला भाच्याचं गाव. तिथं सप्ताह चालू होता. मंडपाशी गाडी लावून त्यानं मोठ्या ऐटीत पखवाजाचं रेकॉर्डिंग लावलं. पोरं हौद्यात चढली. पारावर एक म्हातारे पखवाजी बसले होते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, ओली कणीक थापतात. कातड्यावर वजन पडलं की आवाज खाली उतरतो. वूफर निघायच्या कितीतरी आधीपासून वारकऱ्यांचा बेस पिठावर चालत आलाय. बाबांचा जन्म ती कणीक थापण्यात गेलेला. डोळे मिटून त्यांनी एक अख्खा अभंग ऐकला.

“कसं वाटलं, बाबा?”

“झाक हाय. पर कणीक लई झालीय. बोल फुटंना, नुसतं घुमायलंय.”

भाच्यानं तिथूनच उस्तादांना फोन लावला. अ‍ॅम्पच्या मागं एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की वूफरनं किती वरपर्यंतचे सूर घ्यायचे ते ठरतं. उस्तादांनी तो 120 हर्ट्झवरून मागं घ्यायला सांगितला.

“किती मागं घेऊ?”

“मला इथून काय कळतंय? स्क्रू तुम्ही धरा,” उस्ताद म्हणाले, “आन् फोन त्या बाबांकडं द्या.”