खालनं कोण बघतंय?

गाडीवर माणूस जे जे खर्च करतो ते सगळे दाखवायचे असतात. सीट कव्हर दाखवता येतात, मागच्या काचेवर 'आई-वडिलांची कृपा' लिहून तीही दाखवता येते. अंडरकोटिंगचं तसं नाही. गाडीच्या पोटाला आणि चाकांवरच्या पोकळीत काळा रबरी लेप मारून घ्यायचा, त्याचे चार-पाच हजार मोजायचे आणि घरी आलेल्या पाहुण्याला सांगायचं, बघायचं असेल तर आडवे व्हा.

आमच्या खंडाळ्यात लोक आडवे होतातही. हा खंडाळा सातारा जिल्ह्यातला. लोणावळ्याशेजारचा निराळा. 1998 साली 'गुलाम' चित्रपटातलं गाणं गाजलं ते त्या खंडाळ्याचं. धबधबे त्यांच्याकडे, धुकंही त्यांच्याकडे. आमच्याकडे खंबाटकी घाट आणि त्यातले बंद पडलेले ट्रक.

शोरूममधल्या पोराला हा फरक ठाऊक नसावा. "सर, अंडरकोटिंग घ्याच. समुद्राच्या खाऱ्या हवेनं पत्रा सडतो," तो म्हणाला. खंडाळ्याहून समुद्र गाठायचा तर आधी महाबळेश्वर चढायचं, मग आंबेनळी घाट उतरायचा आणि तरीही अर्धं कोकण उरतं. आमच्या गाडीत खारी हवा शिरते ती लोणंदच्या बाजारातून आणलेल्या बोंबलांच्या पिशवीतून. ती आतून येते आणि तिच्यावर कोटिंग निघालेलं नाही. पोराच्या माहितीपत्रकावरची गाडी तर बर्फात उभी होती. थंड देशांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि खारवलेलं पाणी लोखंडाला झपाट्यानं गंजवतं, हे खरं आहे. पण खंबाटकीत बर्फ भेटतो तो रसाच्या गाड्यावर. पावसाचंही तेच. महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतो आणि डोंगर ओलांडून आमच्यापर्यंत येतो तोवर ढगांच्या खिशात सुटे पैसे तेवढे उरलेले असतात.

तेव्हा शोरूमला नमस्कार केला आणि हायवेच्या कडेच्या मिस्त्रींकडे गेलो. वाटलं, हे तरी म्हणतील, काही नको.

"मिठाचं सोडा वो," मिस्त्री म्हणाले, "चिखलाचं बोला." चाकावरच्या पोकळीत हात घालून त्यांनी शेजारच्या जीपमधून काळ्या मातीचा एक पोपडा काढला. उसाच्या फडातला. वरून वाळलेला, आतून ओला. लोखंड गंजायला पाणी आणि हवा एवढंच लागतं. काळी माती ते पाणी आठवडाभर धरून ठेवते. त्यात डंपरमधून सांडलेली खडी चाकाखालून उडते, कारखान्यातून आलेला रंग टवकते आणि गंजाला दार उघडून देते. समुद्र शोधायला जायची गरजच नाही.

घरी अण्णांनी विरोध केला. त्यांची उभी हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली. "गाडी धुवायची, खालनं जळकं ऑइल आणि डिझेल मारायचं. कसलं कोटिंग?" ट्रक-ट्रॅक्टरवाले आजही तेच करतात. पण ऑइलनं खालचे रबरी बूश फुगतात आणि धुरळा असा बसतो की गाडीखाली एक गुंठा जमीन तयार होते. हे मी अण्णांना सांगितलं नाही. मिस्त्रींना सांगायला लावलं.

गाडी लिफ्टवर चढली. खालून धुऊन, वाळवून, तारेचा ब्रश मारून मिस्त्रींनी जुन्या पेपरांनी नको ते भाग झाकायला घेतले. सायलेन्सरवर लेप बसला तर तो तापून धूर काढतो आणि ब्रेकवर बसला तर पुढचं सांगायला नको. सायलेन्सरभोवती एका नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचं अख्खं पान गुंडाळलं गेलं. पाणी निथळायची भोकं त्यांनी एकेक बोटानं तपासली. ती बुजली तर पाणी आतच कोंडतं आणि पत्रा लेपाच्या आडून सडतो. वरून सगळं झकास. (अशा संस्था तालुक्यात आणखीही असतील.) मग गनमधून काळा फवारा सुटला आणि मिस्त्रींचा मुलगा डोळे सोडून सगळा अंडरकोट झाला.

संध्याकाळी शेजारचे तात्या आले. धोतर सावरून गाडीखाली शिरले. बराच वेळ फक्त त्यांच्या वहाणा दिसत होत्या.

"समदं काळंच हाय की," आतून आवाज आला.

"कोटिंग आहे ना तात्या."

"आधीबी काळंच असतंय."

बाहेर येऊन त्यांनी किंमत विचारली आणि तेवढ्या पैशांत घराला रंग झाला असता, असं सांगितलं. तालुक्यात एशियन पेंट्सचा कारखाना असल्यामुळे रंगाच्या बाबतीत आमच्याकडे प्रत्येकाला बोलायचा अधिकार आहे.

उपाय शेवटी बायकोनं काढला. गाडी अंगणात सपाटीला न लावता पुढची चाकं ओट्याच्या उतारावर चढवून लावायची. म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्याला पोटाचा काळा भाग आपोआप दिसतो. अण्णा तिथंच खुर्ची टाकून बसतात आणि विचारणाऱ्याला माहिती देतात. विरोध त्यांचाच होता हे सोडून बाकी सगळी. फक्त रात्रभर गाडी हँडब्रेकवर लटकलेली असते. परवा तो ओढला तर कानापर्यंत आला.

"केबल ताणून देतो," मिस्त्री म्हणाले, "पर गाडी जरा सपाटीला लावत जावा की वो."