नाणेकाका

वाण्याने परत दिलेले सुटे पैसे सामान्य माणूस मोजून घेतो. नाणेकाका ते वाचून घेतात. दोन रुपयांचं नाणं चिमटीत धरायचं, चष्मा कपाळावर चढवायचा, नाणं नाकापासून चार बोटांवर आणायचं आणि सालाच्या खाली बघायचं. तिथे पत्त्यातल्या चौकटची खूण असली तर टाकसाळ मुंबईची. चांदणी असली तर हैदराबाद, नुसता ठिपका असला तर नोएडा. आणि काहीच नसलं तर कोलकाता. ‘जुनी टाकसाळ आहे. तिनं कशाला नाव सांगत बसायचं?’ असं काका यावर म्हणतात, आणि पुण्यात हे स्पष्टीकरण कुणालाही चटकन पटतं. तोवर मागे रांग लागलेली असते. रांगेतलं कुणीतरी विचारतं, ‘काय हो, खोटं आहे का?’ काका हळहळतात. ‘खरं आहे हो. पण हे साल आहे माझ्याकडे.’

नोकरीतून सुटलेला मध्यमवर्गीय पुरुष एक तर अध्यात्माकडे वळतो, नाही तर सोसायटीच्या चेअरमनपदाकडे. तिसरी वाट नाणेवाल्यांची. हे लोक बँकेतून, पोस्टातून, पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले असतात. जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजून त्यांना पैशाच्या मोलाचा वीट आलेला असतो आणि त्याच्या कडेवरच्या रेघांचा नाद लागलेला असतो. काकांच्या नादाचं मूळ मात्र त्याहून जुनं आहे. 1 एप्रिल 1957 ला देशात दशमान नाणी आली. चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे सरळ होते. पण एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा होत आणि वाणी सहाच धरी. आईने आणा देऊन पाठवलेल्या छोट्या काकांनी ‘उरलेला पाव पैसा कुठे गेला?’ असं दुकानात विचारलं आणि मार खाल्ला. तो पाव पैसा ते अजून शोधताहेत, असा काकूंचा कयास आहे. पुढे 1964 मध्ये नव्या पैशातला ‘नवा’ सरकारने काढून टाकला. ‘सात वर्षं टिकलं नवेपण,’ काकू म्हणतात, ‘संसाराच्या मानानं बरंच.’

समाजात वावरताना या छंदाचे धोके फार. मागे गणपतीत आरतीचं ताट काकांपुढे आलं. काकांनी भक्तिभावाने ज्योतीवरून हात फिरवला, ताटात पन्नासची नोट ठेवली आणि ताटातलं एक नाणं उचलून खिशात टाकलं. नोट कुणी पाहिली नाही. नाणं सगळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून ताट काकांपर्यंत आलं की धरणाऱ्याचा वेग आपोआप वाढतो. बसचा कंडक्टर, देवळाबाहेरचा फुलवाला, चहाची टपरी, सगळीकडे त्यांची ‘जरा तुमची मोड दाखवता का?’ ही विनंती ठरलेली. दुःखाच्या प्रसंगीही जीव राहत नाही. सांत्वनाला गेले की गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द मनापासून बोलतात, डोळे पुसतात, आणि निघताना उंबऱ्यावर थबकून हलकेच विचारतात, ‘अण्णांच्या ट्रंकेत भोकाचे पैसे वगैरे होते का हो काही?’

याउलट जगाला त्यांच्याबद्दल एकच कुतूहल असतं: कितीला जाईल? कुणाच्या तरी मेहुण्याने मोबाइलवर पाहिलेलं असतं की वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना दहा लाख मिळतात आणि ट्रॅक्टरच्या नोटेत फ्लॅट येतो. मग रात्री साडेदहाला फोन. ‘काका, तुम्हाला म्हणून नऊ लाखांत देतो.’ काका शांतपणे सांगतात, ‘बाबा रे, ते टाकसाळीनं ढिगानं पाडलंय. पाचाचं नाणं आहे, पाचाला घेतो.’ समोरचा दुखावतो. आधी नोंदणीचे अडीच हजार भरा, मग रिझर्व्ह बँक नाणं विकत घेईल, असं सांगणारे भामटेही भेटतात. आपण असले व्यवहार करत नाही आणि असलं शुल्कही घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीरच केलं होतं. काकांनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलंय आणि सोसायटीच्या फलकावर पाणी येण्याच्या वेळांशेजारी लावलंय.

दुसरा वर्ग रामदरबारवाल्यांचा. हे लोक नाणं रुमालात गुंडाळून आणतात. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, मारुती; दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, 1818. ‘यानं तांदूळ ओढला जातो म्हणतात.’ काकांना इथे फार जपून बोलावं लागतं. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही, हा पुढे कुणीतरी बनवून विकलेला बिल्ला आहे, हे सांगायचं तर समोरच्याला त्यात नास्तिकपणा दिसतो. म्हणून काका आधी त्या बिल्ल्याला नमस्कार करतात. ‘देव्हाऱ्यात ठेवा,’ ते सांगतात, ‘तिथे त्याची किंमत कमी व्हायची नाही.’

रविवारी मात्र काकांचा दरबार भरतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात तुटक्या फोनच्या आणि गंजलेल्या पान्यांच्या ढिगांमधून ते सकाळी फिरतात आणि मागे दोन-तीन नवशिके शिष्य असतात. शिष्यांना उपदेश चालता चालताच मिळतो. ‘आधी पुस्तक घ्यायचं, मग नाणं. सगळ्या जगाची नाणी जमवायला निघालास तर हाती भंगार लागेल. एक राजा धर, नाही तर एक टाकसाळ धर. नाणं कडेनं धर रे, पोटावर अंगठा नको, घामाचा डाग पडतो. खिशात वजनकाटा हवा. राणीछाप रुपया म्हणजे एक तोळा, अकरा पूर्णांक सहासष्ट ग्रॅम. झिजून थोडा उतरेल, पण नऊ भरला तर नमस्कार करून पुढे हो. आणि लोहचुंबक ठेव. चांदी चुंबकाला जुमानत नाही. जुमानली तर ती चांदी नाही.’ एक शिष्य विचारतो, ‘विकणाऱ्याचा चेहरा कसा ओळखायचा?’ काका म्हणतात, ‘चेहरा बघूच नकोस. गोष्ट सांगायला लागला की उठायचं. शेतात नांगरताना सापडलं म्हणाला की धावत सुटायचं.’ ते खोटं असलं तर पैसे बुडतात आणि खरं असलं तर त्याहून पंचाईत, कारण दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा 1878 चा कायदा आहे.

काकांची सगळ्यात आवडती कथा 1911 च्या रुपयाची. पंचम जॉर्जच्या झग्यावर हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला. गहजब झाला, बरेचसे रुपये परत वितळवले गेले आणि 1912 च्या रुपयावर हत्तीला नीट सोंड आली. ‘बघा,’ काका बोट उगारून म्हणतात, ‘चूक सरकारची आणि किंमत आपल्याला मोजावी लागते.’ यातली खोच अशी की ती किंमत काका खरोखरच मोजून आलेले असतात.

घरच्यांना घेऊन त्र्यंबकेश्वरला निघालेले काका वाटेत अंजनेरीला उतरतात. तिथल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय पाहिल्याशिवाय त्यांची यात्रा पुरी होत नाही. नाशिक जिल्ह्यातच जोगळटेंभीला 1906 मध्ये नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. शत्रूला हरवलं, त्याचा खजिना घेतला आणि तो न वितळवता त्यावरच आपली मोहोर मारली, हे सांगताना काकांचा आवाज चढतो. काकूंना यात इतिहास वगैरे काही दिसत नाही. ‘माहेरच्या भांड्यावर सासरचं नाव घालून घेतात, तसंच की,’ त्या म्हणतात. काकांच्या मते जोगळटेंभीवर याहून नेमकं भाष्य कुणी केलेलं नाही. मात्र हे मत ते काकूंसमोर बोलून दाखवत नाहीत.

काकूंचं आणि नाण्यांचं एकदाच वाजलं. काकांनी मोठ्या कष्टाने एक शिवराई मिळवली होती. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, अंगावर गडद तपकिरी चढलेली. लक्ष्मीपूजनाला काकूंनी ती ताम्हनात ठेवायला घेतली आणि महाराजांचं नाणं असं कळकट कसं ठेवायचं म्हणून चिंच-मीठ लावून लख्ख घासली. शिवराई गुलाबी झाली. काका तीन दिवस जेवले, पण बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी शिष्यांना बोलावलं आणि नियमांत पहिला नियम घातला: नाणं कधीही, कशानेही, कुणीही घासायचं नाही, तो गंज नसतो, ते त्याचं वय असतं. काकूंनी आतून विचारलं, ‘मग माझ्या केसांना कलप कशाला आणता?’ नियम तसाच राहिला, कलप बंद झाला.

दुसरा फटका अल्बमने दिला. स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवलेली नाणी पावसाळ्यानंतर हिरवट, चिकट झाली, कारण पीव्हीसी कालांतराने आम्ल सोडतं. तेव्हापासून कपाटात पीव्हीसी नसलेली पाकिटं आणि ओल शोषणाऱ्या पुड्या आहेत. काकांच्या सुती शर्टांना हे सुख नाही.

न्यू जर्सीतला नातू तिथल्या पन्नास राज्यांचे पन्नास क्वार्टर गोळा करून घेऊन आला, तेव्हा हे दुखणं आनुवंशिक असल्याची खात्री पटली. बदल्यात काकांना त्याला राणीछाप द्यायचा होता. पण शंभर वर्षांवरचं नाणं म्हणजे पुरावस्तू, आणि 1972 च्या कायद्याने ती देशाबाहेर नेता येत नाही. मग त्यांनी नातवाला अॅल्युमिनियमचा खजिना बांधून दिला: लाटांच्या कडेचे दोन पैसे, षटकोनी तीन पैसे, चौकोनी पाच पैसे. ‘याचं काय मिळायचं आजोबा?’ नातवाने विचारलं. ‘लिमलेटची गोळी,’ काका म्हणाले. त्यांनी सांगितलेली नाण्याची ही एकमेव बाजारी किंमत.

पंच्याहत्तरी झाल्यावर मुलाने फोनवर तो अवघड प्रश्न विचारलाच: ‘बाबा, तुमच्यामागे याचं काय करायचं?’ काकांनी वाईट वाटून घेतलं नाही. तोच तर त्यांचा शेवटचा उपदेश होता: नोंद ठेवा, नाही तर तुमच्या जन्माची कमाई तुमची मुलं तोळ्यावर विकतील. काकांनी कपाटातून वही काढली. नाणं, साल, टाकसाळ, वजन, कुठे घेतलं, हे सगळं मोत्यासारख्या अक्षरात. पुढे दोन रकाने: ‘खरी किंमत’ आणि ‘घरी सांगितलेली किंमत’. दुसरा आकडा सगळीकडे पहिल्याच्या निम्म्यावर येऊन थांबलेला.

पुढचा रकाना काकांनी आखलेला नव्हता. त्यात काकूंचं अक्षर होतं. 1911 च्या रुपयापुढे ‘मिक्सर’, नहपानापुढे ‘गुडघ्याचे एक्स-रे, पुढच्या महिन्यात’, शिवराईपुढे ‘चारधाम’. वही त्या वर्षानुवर्षं तपासत आल्या होत्या. 1939 च्या दुर्मीळ रुपयासाठी काकांनी कोरी सोडलेली ओळ होती. तो घेण्याची ऐपत कधी झाली नाही आणि बाजारात त्याचे नकली भाऊबंदच जास्त. त्या ओळीपुढे काकूंनी लिहून ठेवलं होतं: ‘मिळाला तर घ्या. पण खरी किंमत सांगा.’