चार गाण्यांचा निकाल

'सैराट' सिनेमाच्या अल्बमात गाणी चार आणि आमच्या राळेगावात वाजतं एकच. बाकीच्या तिघांची बाजू मांडायला कोणीतरी हवं, म्हणून हे काम मी अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. पण गांधर्व महाविद्यालयाची 'प्रवेशिका' पास झालेला माणूसच गप्प बसला, तर तालुक्यातल्या संगीताचं व्हायचं कसं? प्रवेशिका म्हणजे शास्त्रीय संगीताच्या ओसरीवर चपला काढायची परवानगी, हे मला ठाऊक आहे. तरी ते प्रमाणपत्र मी बैठकीत अशा जागी लावलंय, की पाहुण्याला पाणी प्यायला मान वर केली की ते वाचावंच लागतं.

अजय-अतुल या गोगावले बंधूंबद्दल माझं मत पहिल्यापासून चांगलं आहे, फक्त ते त्यांना कळवायचं राहिलंय. 'जोगवा'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा "मी म्हटलंच होतं" हे वाक्य मी सलूनमध्ये म्हटलं, बाजार समितीत म्हटलं, एसटी स्टँडवरही म्हटलं. यांचीच 'कोंबडी पळाली' 2012 साली 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन गेली, तेव्हा पुन्हा म्हटलं. नेमकं कधी म्हटलं होतं, हे विचारण्याइतका उद्धट माणूस आमच्या गावात नाही.

आता गाणी. 'याड लागलं'साठी या भावांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत जाऊन तिथल्या वादकांकडून पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घेतला. गावरान पोरगा विहिरीत उडी मारतो आणि त्याच्यामागे हॉलिवूडची व्हायोलिनं उसळतात! ही व्हायोलिनं राळेगावात फक्त मला ऐकू येतात, असा माझा दावा आहे. एकदा वरातीत मी डीजेवाल्या पोराला ती जरा वर घ्यायला सांगितली. तो म्हणाला, "काकाजी, थे व्हायोलिन-गियोलिन घरी आयका. अठी बेस लागते." पाश्चात्त्य संगीतावर इतकी थोडक्यात टीका मी कुठं वाचलेली नाही.

'आताच बया का बावरलं' श्रेया घोषालनं गायलंय. गाण्यात दोष काढायचा या इराद्यानं मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि दोष सापडेना म्हणून आणखी ऐकलं. शेवटी सौ. म्हणाली, "समीक्षा झाली असंन तर दळण आणा." 'सैराट झालं जी'मध्ये अजयबरोबर चिन्मयी आहे. बाई दक्षिणेतल्या, पण मराठी असं की आमच्या घरच्या कॉन्व्हेंटवाल्यांनी शिकवणी लावावी.

आणि 'झिंगाट'. सिनेमा आला 29 एप्रिल 2016 ला, म्हणजे ऐन लग्नसराईत. विदर्भातल्या उन्हात डांबर वितळत होतं आणि त्यावर माणसं उड्या मारत होती. मी मात्र नाचत नाही. मी वरातीच्या मधोमध उभा राहून ताल तपासतो. तपासताना खांदे हलतात आणि दोन्ही हात वर जातात, पण ते कामाचा भाग म्हणून.

इथं वरातीविषयी थोडं बोललं पाहिजे. आमच्याकडे आधी डफडं होतं, मग बँड आला, मग संदल, मग धुमाल, आणि शेवटी हे टेम्पोवर रचलेले डीजेचे डबे. यातली बँडची पिढी मला सगळ्यांत जवळची. लाल कोट, खांद्याला सोनेरी झुपके, पायात स्लीपर. त्यांचा क्लॅरिनेटवाला नवरदेवाच्या बापाच्या खिशाकडे बघून गाणं निवडायचा. मग मामा पुढं यायचा. प्रत्येक वरातीला एक मामा असतोच. तो दहाची नोट दातात धरून नाचायचा आणि क्लॅरिनेटवाला वाजवता वाजवता वाकून ती नोट काढून घ्यायचा. सूर न सोडता नोट काढणं हे प्रवेशिकेच्या अभ्यासक्रमात नव्हतं, असतं तर मी नापास झालो असतो. पुढं नोट पन्नासाची झाली, मामाच्या जागी भाचा आला, पण व्यवहार तोच. नाचणाऱ्याला वाजवणाऱ्याची तोंडओळख असायची. वाजवणारा दमला की कोणीतरी पाण्याचा गडवा न्यायचं, आणि पंगत उठली की त्याच्यासाठी आलूवांग्याची भाजी वेगळी निघायची. आता मामा नोट दातात धरून डब्यांपुढं नाचतो. डब्याला हात नाहीत. नोट कोण घेणार? शेवटी तो इकडंतिकडं बघतो, ती ओली नोट हळूच खिशात घालतो आणि मांडवात जाऊन बसतो. कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येतं, कारण हल्ली तो मामा बहुतेक मीच असतो.

असो. विषय अल्बमचा होता.

या सिनेमातला संगीताचा सर्वांत मोठा तुकडा अल्बमात नाहीच. शेवटी जात ओलांडून लग्न केलेल्या आर्ची-परश्याचा खून होतो, त्यांचं लेकरू रक्तात पाय भरून बाहेर येतं आणि पडद्यावर आवाजच उरत नाही. लॉस एंजेलिसपर्यंत जाऊन आलेले संगीतकार तिथं एक सूर लावत नाहीत. 'झिंगाट'वर नाचलेल्या सगळ्यांनी ती शांतता ऐकली आहे. तरी मांडवात 'झिंगाट' वाजतं, आणि त्याच मांडवात जी सोयरीक साजरी होते तिच्या बायोडाट्यात 'अपेक्षा' या रकान्यात पहिला शब्द असतो 'स्वजातीय'. एखादी पोरगी तो रकाना ओलांडून गेली, की 'झिंगाट'वर घाम गाळलेली हीच माणसं तिच्या बापाच्या घरी सुतक असल्यासारखी बसायला जातात. तिथं मग माझा ताल खरोखर चुकतो.

आमच्याच तालुक्यात रावेरीला सीतेचं देऊळ आहे. रामाशिवाय, एकट्या सीतेचं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला. टाकलेली सीता लव-कुशांसाठी मूठभर गहू मागायला या गावात आली, गावानं दिले नाहीत, म्हणून तिच्या शापानं रावेरीत गहू पिकत नाही, अशी जुनी माणसं कथा सांगतात. घराबाहेर पडलेल्या बाईला गाव काय देतं, हे आम्हाला 'सैराट'वाल्या दिग्दर्शक नागराज मंजुळेंच्याही आधीपासून माहीत आहे.

तर निकाल असा. 'याड लागलं' विशेष प्रावीण्य. 'आताच बया' पहिला वर्ग, दोष न सापडल्याबद्दल एक गुण कापून. 'सैराट झालं जी' पहिला वर्ग. 'झिंगाट' उत्तीर्ण, पण नाचणाऱ्यांचा निकाल राखून ठेवला आहे. पुढच्या लग्नात ते जरूर वाजवा, मी ताल तपासायला येईन. फक्त पत्रिका छापायच्या आधी, पोरापोरींच्या बायोडाट्यातला तो एक शब्द खोडून या.